बाबांचा बारा दिवसांचा उपास

आर्णीच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी शास्त्रपाठ वाचायचा मान बाबांचा. आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम केलेला माणूस, पण चष्मा पुसून वाचायला उभा राहिला की आवाज पार रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचा. काचबिंदूनं एक डोळा आधीच नेला होता. दुसरा तीन वेळच्या ड्रॉपवर टिकून होता. मी नर्स, त्यामुळे बाटली माझ्या हातात आणि कुरकुर त्यांच्या तोंडात. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

अशात नेपाळचं निघालं. जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधून आठ जण बारा दिवसांच्या सेवेला जाणार होते. तिथल्या डोंगरातल्या एका गावात डोळ्यांचं शिबिर होतं आणि त्यांना नर्स हवी होती. मी तोवर नागपूरच्या पुढे गेले नव्हते. खरं सांगते, सेवेची ओढ जेवढी होती तेवढीच बर्फाचे डोंगर बघायचीही होती. सेवेला जायचं आहे एवढंच मी बाबांना सांगितलं होतं. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मी का-कू करत होते, तर तेच चिडले.

"जाय तू. ड्रॉप टाकाले काय कलेक्टर लागते?"

मी कपाटावर वेळांचा कागद चिकटवला आणि शेजारच्या चाचांना लक्ष ठेवायला सांगितलं. चाचा मोटरसायकलचे मेकॅनिक, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचा रमजान नुकताच लागला होता.

नेपाळात शाळेच्या बाकांवर म्हातारी माणसं रांगेनं बसायची. मोतीबिंदू काढलेल्यांची पट्टी सोडायची, डोळा पुसायचा, ड्रॉप टाकायचे, हे माझं काम. भाषा येत नव्हती, "वर बघा" हे हातानंच सांगायचे. एक आजोबा बाटली दिसताच डोळे गच्च मिटून घ्यायचे, थेट बाबांसारखे. मला हसू यायचं. संध्याकाळी मैदानाच्या एका कोपऱ्यात जेमतेम रेंज यायची, तिथून मी फोन करायचे.

"ड्रॉप टाकता ना?"

"टाकून राह्यलो ना वं माय. तू तुही सेवा कर."

परतले तेव्हा बसस्टँडवर चाचा एकटेच आले होते. माझी बॅग उचलून सरळ घराकडे चालू लागले. घरी बाबा खुर्चीत बसले होते. "आली काय?" म्हणाले. मी अगदी समोर उभी होते आणि ते दाराकडे तोंड करून बोलत होते.

मग चाचांनी सगळं सांगितलं. मी निघाले त्याच दिवशी बाबा देवाला बोलले होते, की पोरगी तुझ्या कामाला गेली आहे, ती परत येईपर्यंत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत अंगात काही जाऊ देणार नाही. काही म्हणजे काहीच नाही. अन्न नाही, पाणी नाही आणि औषधाचा थेंबही नाही. फक्त रात्रीचा ड्रॉप तेवढा टाकत होते. संध्याकाळी दोघं दोस्त ओट्यावर बसून एकाच ताटलीतल्या खजुरानं उपास सोडायचे.

"बेटा, मी त्याले लय समजावलं," चाचा म्हणाले. "आमच्यात बी बिमाराले सूट राह्यते म्हनलं. तं मलेच म्हनते, तुह्यात असंल, मी तं बोललो देवाले."

दहाव्या दिवशी डोळा आणि कपाळ असह्य ठणकू लागलं. बाबांनी तेही उपासातच धरलं आणि मला कळवू नका म्हणून चाचांना शपथ घातली. अकराव्या दिवशी चाचांनी न ऐकता त्यांना गाडी करून यवतमाळला नेलं. दाब वाढून डोळ्याची नस गेली होती. मी पुन्हा घेऊन गेले तेव्हाही डॉक्टर तेच बोलले. गेलेली नजर परत येत नाही, हे तर मी स्वतःच लोकांना सांगत आले होते.

मी बाबांवर ओरडले. "कोणत्या शास्त्रात लिहिलं आहे असं? एवढं वाचता, त्यात हे कुठं सापडलं?"

त्यांनी सवयीनं चष्मा काढून पुसला. "तू एवढ्या दूर गेलती," मग म्हणाले. "मी घरी बसून अजून काय करू शकत होतो?"

मला त्यांची कीव आली, आणि स्वतःची शरम वाटली.

तिकडं काय काम केलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी धडधडीत खोटं बोलले. स्वयंपाकात होते, भाजी चिरत होते. "एवढ्या दूर भाजी चिराले गेलती?" म्हणून ते खूप हसले. मला वाटलं, ही गोष्ट जन्मभर अशीच झाकून ठेवता येईल.

पुढच्या रविवारी उपासनेत नेपाळच्या साक्षी होत्या, म्हणजे उभं राहून आपापला अनुभव सांगायचा. शास्त्रपाठ दुसऱ्याच कुणीतरी वाचला, अडखळत. बाबा पहिल्या रांगेत बसून ओठ हलवत होते, तो अध्याय त्यांना पाठ होता. मग आमच्या गटाचे पुढारी उठले. मी कुणाला काही सांगून ठेवलं नव्हतं, ते सुचलंच नव्हतं. त्यांनी भरभरून सांगितलं, या आपल्या बहिणीनं तिथं दिवसभर उभं राहून किती म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत औषध घातलं.

बाबांचा चेहरा आधी कोरा झाला. मग उजळला. शेजारच्याचा हात चाचपून धरत ते सगळ्या मंडळीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "पाह्यलं? लोकायचे डोळे वाचवले माह्या पोरीनं. माह्या उपासाचं चीज झालं."

आणि टाळ्या वाजवू लागले. आमच्यात उपासनेत टाळ्या वाजवत नाहीत, पण त्यांच्यामागून सगळ्यांनी वाजवल्या. साक्ष द्यायला माझं नाव पुकारलं गेलं. मी पुढं जाऊन उभी राहिले, बाबांकडे बघितलं, आणि आमेन एवढंच म्हणून खाली बसले.