इर्मेलीची तिसरी उडी

इर्मेली कौप्पिनेन शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं वाटाण्याचं सूप ढवळत होती आणि ढवळता ढवळता मुख्याध्यापकांनाही फैलावर घेत होती. सहा वर्षांपूर्वी बटाटे काढायच्या यंत्रात तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. शुद्धीवर आल्यावर तिने डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला तो चालण्याचा नव्हे. "सौनात कधी बसता येईल?" असं विचारलं. डॉक्टरही फिनलंडचाच, जिथे घरोघरी सौना म्हणजे वाफेची न्हाणी असते, त्यामुळे त्याला त्यात काही नवल वाटलं नाही.

पुढे ती लांब उडी मारायला लागली. शिकवायला ताइस्तो मास्तर, वय एकाहत्तर. शाळेत असताना त्यांनीच तिचे कान पिळले होते. राष्ट्रीय स्पर्धेला जायचं तर तीन मीटर ऐंशी उडी हवी होती. तिची आजवरची सर्वात लांब उडी तीन बहात्तर, आणि निवडीचा शेवटचा दिवस म्हणजे हाच शनिवार, दुपारी चारला. मास्तरांची अट एकच होती. उडीच्या दिवशी सौना बंद, कारण वाफेने पायाचा उरलेला खुंट सुजतो आणि उडीचा कार्बनचा पाय त्यावर चढत नाही.

पण शनिवार तो शनिवार, सौनाचा वार. बाराच्या सुमारास शेजारच्या सगळ्या सौनांतून धूर निघायला लागला आणि इर्मेलीचा जीव कासावीस झाला. जराशी वाफ घेऊ, असं म्हणून ती आत शिरली आणि तापल्या दगडांवर तीनदा पाणी ओतून बाहेर आली. रोजचा नकली पाय एरवी खुंटावर तीन मोजे चढवले की घट्ट बसायचा, तो आज एकाही मोज्याशिवाय कसाबसा बसला. तेव्हाच तिला कळायला हवं होतं. मोजे तिथेच खुंटीवर राहिले.

मैदानावर उडीचा पाय चढवायला गेली तर तो दोन बोटं अलीकडेच अडला. ढकलून झालं, शिव्या देऊन झाल्या. मग ती लंगडत उर्होच्या सॉसेजच्या टपरीमागे गेली, त्याच्या थंड पेयांच्या खोक्यातला बर्फ सारखा केला आणि आत खुंट खुपसून बसली.

"अगं, लोक त्यातलं पितात," उर्हो म्हणाला.

"बाटल्या बंद आहेत ना? मग गप सॉसेज दे."

तेवढ्यात मास्तर आले. इर्मेलीने झटकन खोक्यावर रेनकोट पसरला.

"रेनकोट कशाला? ढग तरी आहे का एखादा?"

"उन्हासाठी, मास्तर."

"आणि सॉसेजला मोहरीची चटणी नाही?"

"मोहरीने पित्त होतं."

मास्तरांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मोहरीशिवाय सॉसेज खाणारं माणूस त्यांनी या जन्मी पाहिलं नव्हतं. "तुझं नाव पुकारतायत," एवढंच ते म्हणाले.

"पहिली उडी सोडते म्हणून सांगा. दुसरीही. बाकीच्यांना जरा घाबरू दे."

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या उडीच्या वेळी पाय चढला. चढला कसला, सरकन आत गेला. बर्फाने खुंट नको तेवढा आकसला होता. एक मोजा असता तर काम भागलं असतं.

इर्मेली धावली. उडी घ्यायची फळी अशी अचूक सापडली की मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. हवेत असताना तिला डावीकडे अचानक हलकं वाटलं. पाय सुटला होता. ती वाळूत पुढे जाऊन आदळली आणि पाय तिच्या मागे टाचेवर पडला.

पंच सिनिक्का टेप घेऊन आली आणि अवघडून उभी राहिली. नियम असा की वाळूत फळीच्या सर्वात जवळ उमटलेली खूण मोजायची, मग ती अंगाची असो की पायाची. सिनिक्का लहानपणी इर्मेलीचंच सूप पिऊन वाढलेली. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "वाळू फार विस्कटलीय. खूण नीट दिसत नाही असं मी लिहू शकते. मग तुला पुन्हा उडी मिळेल."

दिवसभर इर्मेली ज्याला त्याला थापा मारत होती. आणखी एका थापेने तिचं काही बिघडणार नव्हतं. तिने त्या खुणेकडे पाहिलं.

"दिसतेय की," ती म्हणाली. "टाच इथे आहे. मोज."

तीन मीटर अठ्ठ्याहत्तर. दोन सेंटिमीटर कमी.

इर्मेली तिथेच वाळूत बसून रडली, सगळ्यांसमोर, नाक ओढत. मास्तर आले आणि गुडघे धरत तिच्या शेजारी बसले.

"सौना," ती म्हणाली. "तीनदा पाणी टाकलं."

मास्तरांनी तिच्या पाठीवरची वाळू झटकली. फिनलंडमध्ये एवढं म्हणजे खूपच बोलणं झालं. मग त्यांनी सिनिक्काला हाक मारली.

"ही स्वतः जिथे पडली ना, तिथवर मोज. लिहू नकोस."

सिनिक्काने टेप ओढली, आकडा वाचला, मग पुन्हा वाचला.

"तीन सत्त्याण्णव."

तो आकडा कुठल्याही कागदावर गेला नाही. इर्मेलीने बाहीने नाक पुसलं आणि सिनिक्काला तो आणखी एकदा, जरा मोठ्याने वाचायला लावला.