वरची ओळ

टाळ्या वाजत होत्या. साताऱ्यातला माझ्या पियानोच्या मॅडमचा दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला. अन्वी उठून वाकली. ती एका कारखानदाराची मुलगी. तिनं पियानोवर कॉन्चेर्टो, म्हणजे एकट्या वादकानं ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना, वाजवला होता आणि शेजारच्या दुसऱ्या पियानोवर ऑर्केस्ट्राचा भाग वाजवून मी तिला साथ केली होती. म्हणून मीही उठले.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाबला.

"तू बस. ऑर्केस्ट्रा उठत नसतो."

मी बसले. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, ही कोण. मॅडम हसून म्हणाल्या, "बँडवाल्याची पोर. साथीला बरी आहे."

बँडवाल्याची हे खरंच होतं. आटपाडीकडं आमचा बँड आहे. आजा पलटणीच्या बँडात होता, तिथं तो नोटेशन वाचायला शिकला. त्यानं ते माझ्या वडलांना, आबांना शिकवलं, आबांनी मला. वरातीत आबा क्लॅरिनेट वाजवायचे, मी गाडीवर बसून कीबोर्ड. वरात पोचली की आम्हाला मांडवाच्या मागं जेवायला बसवायचे. पण तिथं आम्ही सगळे एकत्र असायचो. मॅडमच्या दिवाणखान्यात मी एकटी होते.

कॉलेजसाठी साताऱ्याला आले तेव्हा मीच मॅडमचं दार वाजवलं होतं. फी देणं होणार नव्हतं. त्यांनी मला नोटेशनचं एक पान वाचायला लावलं. मग म्हणाल्या, शिकवीन, पण माझ्या मुलींच्या साथीला बसायचं. मी लगेच हो म्हटलं. पियानोला हात लागणार होता.

काचेच्या कपाटात त्यांची जर्मनीहून आणलेली पुस्तकं होती. जाड, पिवळसर कागद. दीडेकशे वर्षांपूर्वीच्या पियानोवादकांनी आपली करामत दाखवायला लिहिलेले कॉन्चेर्टो. पानावर वरच्या ओळी एकट्या वाजवणाऱ्याच्या. खाली बारीक छपाईत सगळा ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या पियानोसाठी आवळून बसवलेला. पुस्तकाला मी हात लावायचा नव्हता. मला झेरॉक्स. तीही मॅडमनी वरच्या ओळींवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवून काढलेली. का, असं विचारलं तर म्हणाल्या, तुझं लक्ष तुझ्या कामात राहावं म्हणून.

वर्षभर मी त्या कोऱ्या पट्ट्यांच्या खालचं वाजवलं. अन्वी कुठं रेंगाळणार, कुठं पळणार, ते कानानंच धरायचं. हे कुणाला सांगू? वसतिगृहातल्या मुलींना कॉन्चेर्टो म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागायची. आबा फोनवर विचारायचे, "शिकवत्यात न्हवं नीट?" मी म्हणायचे, व्हय. फोन ठेवला की भरल्या खोलीत कुणीच नसल्यासारखं व्हायचं.

त्या टाळ्यांनंतर मी मोबाइलवर ते कॉन्चेर्टो शोधायला लागले. हे लिहिणारे कधीच मरून गेलेत. त्यांच्या जुन्या आवृत्त्या कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. स्टँडमागच्या दुकानात मी पानं छापून घेतली. परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयातली प्रत होती. सुरांवर कुणीतरी पेन्सिलीनं कुठल्या बोटानं वाजवायचं त्याचे आकडे घातलेले. एका अवघड जागी खोडून, परत घालून, परत खोडलेले. त्यालाही जमत नव्हतं तर. मेसच्या टेबलावर मी ते आकडे बोटांनी वाजवत बसायचे. त्या अनोळखी माणसाइतकं जवळचं मला साताऱ्यात कुणी नव्हतं.

एकदा शिकवणीला लवकर पोचले. दिवाणखाना रिकामा. मी पहिल्या पियानोवर बसले. वरची ओळ. चुकत होते, अडखळत होते, पण वाजत होतं. मॅडम कधी आल्या कळलं नाही. मागं अन्वी. मॅडमनी माझी पानं दोन बोटांत धरून उचलली.

"हे कुठून चोरलंस?"

"चोरलं न्हाई. सगळ्यांसाठी हाय ते."

घाबरले की माझी घरची बोली बाहेर येते. अन्वी हसली. मॅडम हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "वरातीत वाजवायचे हात आहेत तुझे. खालचंच वाजव. तेच शोभतं तुला." आणि दुसऱ्या पियानोकडं बोट दाखवलं.

मी उठले. पाय तिकडं वळलेसुद्धा. सवय. मग माझे हात दिसले मला. आबांसारखेच आहेत. आखूड बोटं, रुंद नखं. आबांच्या त्या हातांनी मला पहिला सूर दाखवला होता.

"आज बसणार न्हाई मी," मी म्हटलं. "उद्या पण न्हाई."

पानं त्यांच्या हातातून काढून घेतली आणि बाहेर पडले. रस्त्यात रडू आलं. कुणी विचारलं नाही.

फोनवर सगळं सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "माफी माग पोरी. साताऱ्यात दुसरा पियानो कुठं घावणार तुला?" खरं होतं. मी विचारलं, "कशाची माफी, आबा?" त्यांनी फोन ठेवला नाही. "जेवलीस का?" म्हणाले.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी मॅडमचा निरोप आला. साथीला कुणी मिळत नव्हतं. ये, त्यांनी लिहिलं होतं, ते जर्मन पुस्तक तुला कायमचं देईन. ते पुस्तक मला अजून हवंय. खोटं कशाला बोलू. दिवसभर मी उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, येते. पण वरची ओळ मी वाजवणार. साथीला तुम्ही बसा.

उत्तर आलं नाही.

आता मी वसतिगृहात बँडच्या जुन्या कीबोर्डवर वाजवते. कॉन्चेर्टोला त्याच्या पट्ट्या पुरत नाहीत. दोन्ही टोकांना बोटं खालच्या टेबलावर पडतात. लाकडाचा आवाज येतो. येऊ दे. एक दिवस मी कुठल्यातरी पियानोसमोर बसेन, आणि बसण्याआधी कुणाला विचारणार नाही.