पाळकीणबाईंचं आमेन

माझी आई पाळकीणबाई आहे. ही पदवी पाळकाशी लग्न केल्यावर आपोआप मिळते. तिच्यासोबत पगार मिळत नाही. पप्पा डोंबिवलीच्या आमच्या मराठी चर्चचे, म्हणजे मंडळीचे, पाळक. रविवारची उपासना, उपदेश, बाप्तिस्मे, लग्नं आणि अंत्यविधी ही त्यांची कामं. उरलेलं सगळं आईचं. कोणाच्या घरी डबा पाठवायचा, कोणाची सून माहेरी जाऊन बसलीय, रविवारच्या शब्बाथशाळेतल्या पोरांना कोण आवरणार, नाताळच्या करंज्यांचं सारण कोणाकडे करायचं. आणि प्रार्थना संपवणं.

हे शेवटचं जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडे प्रार्थना पाठ केलेली नसते. सगळे उभे राहतात, ज्याला सांगितलं तो डोळे मिटतो आणि मनाला येईल तसं देवाशी बोलतो. सुरुवात सगळ्यांनाच जमते. थांबायचं कसं हे मात्र आमच्या कमिटीतल्या कित्येक ज्येष्ठांना अजून कळलेलं नाही. माणूस आजाऱ्यांपासून निघतो, परीक्षार्थींवरून सरकारवर जातो, तिथून परत आजाऱ्यांवर येतो. मध्ये तोंड घालायची सोय नसते, कारण तो आपल्याशी बोलतच नसतो.

आईनं यावर उपाय काढलाय. प्रार्थना करणारा वाक्य संपवून श्वास घेतो, त्या फटीत ती पहिल्या बाकावरून खणखणीत आवाजात म्हणते, "आमेन!" सवयीनं सगळी मंडळी तिच्यामागून आमेन म्हणते आणि खाली बसते. प्रार्थना करणारा डोळे उघडून बघतो, तर उभा तो एकटाच. मग तोही बसतो. पप्पांच्या प्रार्थनाही तिनं अशाच आवरल्या आहेत. "तुझी आई," ते मला म्हणतात, "परमेश्वराचा वेळ वाचवते."

मी स्वतः ठाण्यात कॉलेजात शिकवते आणि चर्चकडे जरा लांबूनच बघते. शाली, हारतुरे आणि 'व्यासपीठावर विराजमान' हे शब्द आले की माझं लक्ष दरवाजाकडे जातं. श्रद्धेच्या बाबतीत मी फार भरवशाची नाही. पण आईच्या महिला मंडळात झांजा वाजवते. तिला नाही म्हणणं हे नास्तिकांनाही जमत नाही.

तर, आमच्या विभागातल्या सगळ्या चर्चच्या महिला मंडळांची दरवर्षी भजन स्पर्धा होते. पहिल्या बक्षिसाची फिरती ढाल आहे: लाकडी, वर पितळेचा क्रूस, खाली विजेत्यांच्या पट्ट्या. दिसायला एखाद्या पतसंस्थेच्या पाटीसारखी. नाव फिरती असलं तरी ती गेली कित्येक वर्षं कल्याणहून हललेली नाही.

कल्याणच्या पाळकीणबाई आणि आई लहानपणी नगरच्या बोर्डिंगात एकत्र होत्या. दोघी एकाच बाईंकडे पेटी शिकल्या. बोर्डिंगात पेटी एकच. मग एकीनं भाता हलवायचा, दुसरीनं सूर वाजवायचे, आणि पाळी बदलायची वेळ झाली की भांडायचं. जिचा हात सुरांवर तिला सोडवत नसे. तेव्हापासून कोणाचा हात जास्त चांगला हा प्रश्न अनिर्णित आहे. दोघींचा एकमेकींवर फार जीव. फक्त एकीची पेटी सुरू झाली की दुसरीचे डोळे बारीक होतात.

यंदा आईची शेवटची संधी होती. पप्पा उन्हाळ्यात निवृत्त होणार. मग नवे पाळक येणार, नव्या पाळकीणबाई येणार, महिला मंडळ त्यांचं होणार. आईपप्पा कोपरचं पार्सनेज, म्हणजे मंडळीनं दिलेलं राहतं घर सोडून, आम्ही कोलशेतला बघून ठेवलेल्या छोट्या फ्लॅटमध्ये जाणार.

जिंकायचंय असं आई एकदाही म्हणाली नाही. "स्पर्धा कसली? साक्ष आहे ती," असंच म्हणायची. पण एके दिवशी मी घरी गेले तर हॉलमधल्या शोकेसचा मधला कप्पा रिकामा. पप्पांना मिळालेली सगळी सन्मानचिन्हं खोक्यात, खोका पलंगाखाली.

"धूळ बसते त्यांच्यावर," आई म्हणाली.

पप्पांनी पेपरातून डोकं काढलं. "ढालीचं माप घेतलंयस का?"

"अंदाज आहे मला."

तालमी दुपारी, पार्सनेजमध्ये. साक्ष एवढी काटेकोर असते हे मला माहीत नव्हतं. मुख्य आवाज आमच्या मंडळीतल्या एका नर्सताईंचा. त्या रात्रपाळीनंतरची झोप अर्धी मोडून येत. तबल्यावर एक शाळामास्तरीण. आईची पेटी, आणि पेटीपेक्षा जास्त चालणारं तोंड. "समेवर या, समेवर! प्रभू येईपर्यंत थांबणार का?" खालच्या मजल्यावरच्या आजी गणपतीच्या भक्त, पण आमचं भजन त्यांना आमच्याआधी पाठ झालं. जिन्यात भेटल्या की सांगायच्या, "काल दुसऱ्या कडव्याला घाई केलीत हं तुम्ही." आईनं दुसरं कडवं सावकाश घ्यायला लावलं. आजींचं बरोबर होतं.

स्पर्धा ठाण्यात, एका शाळेच्या सभागृहात. आम्ही मोरपंखी साड्या नेसून पोचलो. हा रंग ठरायला भजन ठरण्यापेक्षा जास्त वेळ लागला होता. दारातच कल्याणच्या पाळकीणबाई भेटल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये.

"अगं, हे काय?" आई ओरडलीच.

"बाथरूममध्ये पडले. तुझ्या प्रार्थना फळाला आल्या."

"मी पायासाठी केली होती. हाताचं देवानं स्वतःहून वाढवलं असेल."

दोघी हसल्या. मग आईनं त्या प्लास्टरवर हात ठेवला आणि विचारलं, "मग पेटी?"

"सुनेला बसवलंय. घरी छान वाजवते."

"घरी सगळ्याच छान वाजवतात," आई म्हणून गेली, आणि लगेच "होईल गं, नीट होईल" अशी पुरवणी जोडली.

आत विभागाचे अध्यक्ष प्रार्थनेला उभे राहिले. भरदार माणूस, भरदार आवाज, आणि समोर माइक. देवाला मराठी ऐकू येण्यासाठी माइक लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. त्यांनी सभागृहासाठी आभार मानले, शाळेच्या विश्वस्तांसाठी मानले, देशाच्या नेत्यांना सुबुद्धी मागितली, आणि "हे प्रभो, घोडबंदर रोडवर अडकलेल्या आमच्या भगिनींना सुखरूप आण" इथपर्यंत आले. आई चुळबुळत होती. तिला स्पर्धा सुरू व्हायला हवी होती. अध्यक्ष पुढे म्हणाले, "आणि हे प्रभो, आमच्या मनातली जिंकण्याची हाव काढून टाक. एका बहिणीच्या पडण्यात दुसरीला आनंद होऊ देऊ नकोस." आणि श्वास घेतला.

"आमेन!" आई म्हणाली.

सगळं सभागृह आमेन म्हणालं आणि बसलं. अध्यक्षांनी डोळे उघडले. स्पर्धा सुरू झाली.

पहिलं मंडळ कोलशेतचं. नवी मंडळी, पाच बायका, पाचही जणी समेवर वेगवेगळ्या वेळी पोचत होत्या. भजनाच्या शेवटीही. आई माझ्या कानात म्हणाली, "टाळ्या नीट वाजव, बिचाऱ्या घाबरल्यात." मग आणखी काही मंडळं झाली, आणि आमचं नाव पुकारलं.

मला त्याचं नीट वर्णन करता येणार नाही, कारण मी झांजा वाजवत होते आणि आनंदानं माझं डोकं जागेवर नव्हतं. नर्सताईंचा आवाज असा लागला की मागच्या रांगेतली कुजबूज थांबली. दुसरं कडवं सावकाश, आजींनी सांगितलं तसं. मग आईनं लय वाढवली, तबला मागून धावला, आम्ही सगळ्या एका दमात समेवर आलो आणि थांबलो. मग टाळ्या. परीक्षक म्हणून डोंबिवलीतले एक गायन क्लासवाले सर बोलावले होते. ते चर्चचे नसल्यामुळे निःपक्षपाती समजले गेले होते. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं. खाली येताना नर्सताईंनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

शेवटी कल्याण. पांढऱ्या साड्या, सोनेरी काठ, पुनरुत्थानाच्या सकाळसारख्या. भजन जुनं, आईनं आणि त्यांच्या पाळकीणबाईंनी बोर्डिंगात शिकलेलं. सून पेटीवर बसली. तिनं सूर धरला तोच भलता, फार वरचा. बायका जिद्दीनं त्या सुरावर चढल्या आणि धृपदाच्या टोकाला सगळ्यांचा आवाज एकदम फाटला. सुनेनं पेटीवरून हात काढले आणि तोंड झाकलं.

अध्यक्ष उठले. "नियमाप्रमाणे एकदा पुन्हा सुरुवात करता येईल. मात्र पेटीशिवाय भजन ग्राह्य धरलं जाणार नाही. आणि पेटी त्याच मंडळाच्या सभासदानं वाजवावी."

सून मान हलवत होती: नाही, नाही. कल्याणच्या पाळकीणबाई स्वतः स्टेजवर गेल्या, पेटीसमोर बसल्या, डाव्या हातानं सूर दाबून पाहिला. सूर कसला निघणार? भाता हलवायला दुसरा हात लागतो, आणि तो प्लास्टरमध्ये. त्यांनी हात मांडीवर ठेवला.

आमच्या रांगेत मोरपंखी साड्यांमधून एक लाट गेली. ढाल आमची होती. शोकेसमधला तो कप्पा मला डोळ्यांसमोर दिसला, आणि खरं सांगते, मला वाईट बिलकुल वाटत नव्हतं.

आई हळू आवाजात म्हणाली, "ते आमेन माझंच होतं गं."

"कुठलं आमेन?"

ती उठली होती.

"बाई, खाली बसा!" नर्सताई दबक्या आवाजात ओरडल्या. "ढाल आपली आहे, बसा ना!"

आई स्टेजवर पोचलीसुद्धा. अध्यक्षांनी नियमांचा कागद पुढे धरला. "पाळकीणबाई, तुम्ही कल्याणच्या सभासद नाही."

"मी नाही. पण भाता ही हलवणार आहे," आई मैत्रिणीकडे बोट दाखवत म्हणाली. "ही कल्याणचीच ना? भात्याशिवाय पेटी वाजते का, साहेब?"

अध्यक्षांनी कागदाकडे पाहिलं. कागदात भात्याबद्दल काही नव्हतं. त्यांनी परीक्षकांकडे पाहिलं.

"तांत्रिकदृष्ट्या बाईंचं बरोबर आहे," क्लासवाले सर म्हणाले. "मला ऐकायचंय."

मग त्या दोघी साठीच्या बायका एका पेटीच्या दोन बाजूंना बसल्या. एक मोरपंखी, एक पांढरी. कल्याणच्या पाळकीणबाईंनी डावा हात भात्यावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तूच वाजवणार? पाळी माझी होती."

"पन्नास वर्षं झाली, आता काय पाळी," आई म्हणाली आणि सूर धरला.

एक क्षण मला वाटलं, ती थोडं कच्चं वाजवेल. मुद्दाम नाही, हात आपोआप आखडेल. माणूसच आहे. मी पुढे सरकून बाकाच्या कडेवर बसले. पण भाता भरला, आणि पहिल्या सुरातच कळलं की नाही, आज ही काही राखून ठेवणार नाही. आमच्यासाठी वाजवलं त्याहून छान वाजवत होती! कल्याणच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि गायला लागल्या. भाता हलवणारी मान डोलवून पुढचं सुचवायची, वाजवणारी ते आधीच वाजवत असायची. दोघींचेही डोळे मिटलेले होते. बारीक केलेले नव्हते. सून तोंडावरचे हात काढून टाळ्या वाजवू लागली. आमच्या रांगेत पहिल्यांदा ठेका धरला तो नर्सताईंनी, रागारागानं. मग सगळ्यांनीच. मी झांजा मांडीत घट्ट धरून बसले होते, कारण त्या आपोआप वाजायला लागल्या असत्या आणि अध्यक्षांना आणखी एक नियम शोधावा लागला असता.

ढाल कल्याणला गेली. आम्ही दुसरे. कोलशेतला उत्तेजनार्थ. निकाल सांगताना परीक्षकांनी कल्याणच्या पेटीचा खास उल्लेख केला तेव्हा आई पदरानं चष्मा पुसत होती.

ढाल जड, आणि कल्याणच्या पाळकीणबाईंचा एकच हात. दुसरी बाजू आईनं धरली. अशा रीतीनं ती ढाल शेवटी आईच्या हातात आली, अर्धी आणि फोटोपुरती. मध्ये अध्यक्ष उभे राहिले.

"तू घेऊन जा," मैत्रीण म्हणाली. "सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे."

"नको गं," आई म्हणाली. "ठेवायला जागा नाही घरात."

परतताना गाडी मी चालवत होते. आई शेजारी, पप्पा मागे, पेटी मांडीवर घेऊन. नर्सताई निघताना आईशी बोलल्या नव्हत्या; मग पार्किंगपर्यंत येऊन तिला मिठी मारून गेल्या होत्या.

"एका आमेनपायी ढाल गेली," मी म्हटलं. "सगळेच म्हणतात गं आमेन. कोण मनावर घेतं?"

"आमेन म्हणजे तसंच होवो. आपण म्हणायचं आणि मग तसं होऊ द्यायचं नाही, हे कसं चालेल?" तिनं पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चूक माझीच. घोडबंदर रोडपाशीच म्हणायला हवं होतं."

पप्पा मागे इतके हसले की भाता उघडून मांडीवरच्या पेटीनंही एक सूर काढला.

जरा वेळानं आई म्हणाली, "त्या कोलशेतच्या बायका. पाचच आहेत का गं?"

"पाचच दिसल्या."

"सूर आहे त्यांच्यात. ताल नाही." तिची बोटं पर्सवर ठेका धरू लागली होती. "ताल शिकवता येतो."

"अगं," पप्पा मागून म्हणाले, "आपण कोलशेतला निवृत्त होऊन जातोय ना?"

"निवृत्त तुम्ही होताय," आई म्हणाली.