पाण्याची पिशवी आणि कापसाची बंडी

बोटीला वजन लागतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी की बोट जितकी हलकी तितकी बरी. पण माझ्या नातीची बोट वेगळी. तिच्या मागे लांब दोर बांधायचा, दोराच्या टोकाला माणूस, माणसाच्या पायाखाली फळी. बोट पळाली की मागे जी लाट उठते तिच्यावर त्या माणसानं उड्या मारायच्या. लाट मोठी हवी तर बोट पाण्यात खोल बसली पाहिजे. म्हणून बोटीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, सामान ठेवायच्या कप्प्यांमध्ये, जाड कापडाच्या मोठाल्या पिशव्या ठेवतात आणि पंपानं त्यात धरणाचंच पाणी भरतात. खेळ संपला की पाणी परत धरणात.

"म्हणजे पाण्यात पाणी घेऊन फिरायचं?" मी तिला विचारलं होतं.

"हो, आजी."

"अन् याच्यासाठी तू पुण्याची नोकरी सोडली?"

"हो, आजी."

त्या पोरीचा एक गुण आहे, ती चिडत नाही. तो तिला माझ्याकडून आलेला नाही.

आम्ही राहतो अमरावतीला, पण माझ्या मुलाची संत्र्याची बाग मोर्शीकडे आहे आणि तिथून धरण जवळ. नातीनं कुठून तरी एक जुनी बोट आणली, लागतात त्या परवानग्या काढल्या, आणि सुटीत अमरावती-अकोल्याची कॉलेजची पोरं तिच्याकडे फळीवर उभं राहायला शिकायला येऊ लागली. माझा मुलगा वरून कुरकुर करायचा, पण पाहुण्यांना मात्र बोटीचा फोटो आधी दाखवायचा आणि बागेचा नंतर.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर ते झालं. नशीब, शिकणारं कोणी नव्हतं. बोटीत ती आणि तिचा बाप, दोघंच. पिशव्या भरलेल्या. वळण घेताना डाव्या कप्प्याचा तळ तडकला, आतली भिंत वाकली आणि पाण्यानं तट्ट फुगलेली पिशवी भिंत ओलांडून बोटीच्या मधात आली. सगळं वजन एका अंगाला गेलं आणि बोट इतकी कलली की काठावरून पाणी आत शिरलं. पोरीनं वेग सोडला, बोट कशीबशी सावरली. बाप घरी आला तो छातीपर्यंत भिजलेला. चहासुद्धा घेतला नाही.

"अजून एक डाव असं झालं त बोट विकून टाकीन," तो म्हणाला.

"बाबा, बोट चांगली आहे. कप्पे कच्चे आहेत. ते सामानासाठी बनवलेत, एवढ्या वजनासाठी नाहीत. मी पक्के करते."

"कर. मंग पिशव्या गच्च भर, मी सोता बसतो, अन् तेच वळण घे. सरळ राहिली त राहिली. नाई त बोट जाईन."

त्याला बोटीचं काही नव्हतं. तो घाबरला होता, आणि घाबरला की तो दुकानदारासारखा बोलतो. लहानपणापासूनचं आहे ते.

दोघं एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून मी बागेतल्या शेडवर जाऊन राहिले. एरवी तिथं संत्री निवडतात. तेव्हा मधोमध गाडीवर चढवलेली बोट उभी होती. मी कप्पा पाहिला. वाकलेली भिंत पाहिली. आणि मला एकदम सगळं समजलं. मला असं एकदम सगळं समजतं, तेव्हा आसपासच्यांनी सावध व्हावं.

"ही कापसाची बंडी आहे," मी म्हटलं.

आता हे सांगायला मला तरुण करावं लागेल, आणि तरुणपणी मी फारच शहाणी होते. माझं सासर अकोल्याजवळचं. कापूस बाजारात न्यायचा तर बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, दोन्ही बाजूंना बांबूचे उंच ताटवे उभे करायचे, आत कापूस टाकायचा आणि वर चढून पायांनी तुडवायचा. तुडवावा तितका मावतो. पण तुडवला की ताटवे बाहेर फुगतात, म्हणून वरून, या ताटव्यापासून त्या ताटव्यापर्यंत, दोर आवळून बांधायचा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आणि मला अकोल्याला जाऊन बांगड्या भरायच्या होत्या. म्हणून तुडवायला मी सगळ्यांत पुढे. नंतर कापसावर बसून जायचा हट्टही मीच केला. सासूबाईंनी डोक्याला हात लावला, पण बसू दिलं. मी नवं लुगडं नेसून वर बसले, महाराणीसारखी. वाटेत तो दोर मला टोचू लागला. महाराणीला दोर टोचतो म्हणजे काय? मी गाठ सोडून टाकली.

पुढच्या चढावर एका बाजूचा ताटवा उघडला. आधी कापूस खाली गेला, त्यावर मी. लागलं काहीच नाही, कापसावरच पडले. पण रस्त्यानं चाललेल्या सगळ्या बंड्या थांबल्या. बैल हाकणारे माझे दीर मागे वळून म्हणाले, "वहिनी, बाजार अजून लंबा आहे, इथंच काहून उतरल्या?" डोक्यापासून पायापर्यंत कापूस चिकटलेली मी रस्त्यात उभी. बांगड्या त्या वर्षी भरल्या नाहीत.

तर ही हकीकत मी शेडमध्ये सांगितली आणि तोडगाही: कप्प्याच्या वरच्या काठाला पट्टे आवळा, सांदीत जुनी लुगडी कोंबा, भिंत हलणार नाही. माझ्या मुलानं लगेच मान डोलावली. त्याचं बालपण कापसात गेलेलं. मागच्या बाजूला संत्र्याची खोकी नीट करत असलेले बागेचे राखणदारही म्हणाले, "बराबर आहे बाई, वरून आवळा." नात काहीतरी बोलणार होती, पण बाप तिच्याशी बोलायला लागला या आनंदात गप्प बसली. बापलेकीनं मिळून पट्टे आवळले. मी लुगडी कोंबली.

बागेच्या नळीनं पिशवी भरू लागली. वरचा काठ जागचा हलला नाही. मी कमरेवर हात ठेवून उभी. मग खालून, अगदी तळाच्या कोपऱ्यातून, कट्ट असा आवाज झाला. भिंत वर जशीच्या तशी, आणि खाली तिचा सांधा उघडलेला. त्यातून माझ्या लुगड्याचं एक टोक बाहेर आलं, जीभ काढल्यासारखं.

"आजी," नात शांतपणे म्हणाली, "कापूस तुडवला तिथं बसून राहतो. पाणी खाली दाबतं. अन् बोट वळली की तेही वळतं."

"हे तुले आधी मालूम होतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुम्ही दोघं इतके खूश होता!"

एवढी वर्षं गेली तरी मी त्याच बंडीवर बसलेली होते. फरक इतकाच की या वेळी सोबत मुलाला आणि राखणदारांनाही वर घेतलं होतं. आम्ही सगळी कापसाची माणसं. वजन म्हटलं की आम्हाला वर पाहायची सवय.

मग तिच्या पद्धतीनं काम सुरू झालं. तिनं कप्प्याचा पातळ तळ कापून काढला. खाली बोटीच्या पोटात लांबच्या लांब दोन कणे असतात. त्यांच्यावर टेकतील अशा पाणी न पिणाऱ्या प्लायच्या आडव्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे वजन तळावर न राहता कण्यावर जाईल. भिंतीलाही खालच्या अंगाला तशाच उभ्या पट्ट्या. मग सगळ्यावर काचेच्या धाग्याचं कापड आणि त्यावर रेझिन, ते वाळलं की दगड.

पण वैशाखात, टिनाच्या शेडखाली, ते रेझिन कापडावर पोचायच्या आधी मगातच दगड होत होतं. एकदा तर मगातून धूर निघाला. माझा मुलगा पाण्याची बादली घेऊन धावला आणि राखणदारांच्या पायावर पालथी केली.

"कुरड्या कधी करतो आपण?" मी विचारलं.

"आजी, आता कुरड्या नको."

"पहाटे. उन्हाच्या आधी. चीक हाताला धरतो तेव्हाच. मंग हेही तवाच कर ना."

यावर मात्र ती हसली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही उजाडताच तोंडाला फडकी बांधून आणि हातात मोजे घालून कामाला लागलो. ती रेझिन थोडं थोडं कालवायची आणि तो मग कूलरच्या पाण्यात धरायची. कापड कापणं माझ्याकडे आलं. कोपऱ्यात चुण्या पडू नयेत म्हणून मी ते ब्लाउजच्या बाहीसारखं तिरकं कापलं आणि ते इतकं छान बसलं की मी दिवसभर कुणाला दुसरं काही बोलू दिलं नाही. तळाशी एक छोटं भोक दिसलं, तेही मी चिंधीनं बुजवलं. नातीनं चिंधी काढली. पिशवी गळलीच तर ते पाणी त्या भोकातून खाली उतरून, बोटीतलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाकडे जायला हवं होतं. मी म्हटलं, मी फक्त पाहत होते.

शेवटी तिनं पिशव्यांची कडी भिंतीला पट्ट्यांनी बांधली. वरून आणि खालूनही.

धरणावर गेलो तेव्हा मला काठावर बसवायचं ठरलं होतं. मला पोहता येत नाही. पण मी जीवरक्षक जाकीट आधीच अंगात घालून आले होते, लुगड्यावर नारिंगी जाकीट, त्यामुळे कुणाला वाद घालता आला नाही. डाव्या कप्प्याजवळ बसले आणि तळहात त्या भिंतीवर ठेवला. पंप सुरू झाला. बोट हळूहळू खाली बसू लागली. माझा मुलगा समोर, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून. लेकीकडे बघत नव्हता, कप्प्याकडे बघत होता.

"भरल्या," नात म्हणाली. तिचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा लहान वाटला.

बोट निघाली. वेग वाढला. तेच वळण आलं. मी डोळे मिटले, आणि हे मी आता लिहिते आहे, तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. हाताखाली पिशवी हलली, भिंतीला टेकली, टेकून राहिली. भिंत गप्प. बोट थोडी झुकली, जितकी झुकायला हवी तितकीच, आणि सरळ झाली. मागे लाट उठली, दोन शेतांमधल्या धुऱ्याएवढी उंच.

 डोळे उघडले तर मुलानं कठड्यावरचा एक हात सोडला होता.

"उजवीकडूनही घे," तो म्हणाला. तिनं घेतलं. मग तो म्हणाला, "अजून एक डाव." ते काही तपासणीसाठी नव्हतं, मला चेहऱ्यावरूनच कळलं. तिसऱ्या वळणाला त्याचा दुसरा हातही सुटला होता आणि तो चक्क मागची लाट पाहत होता.

काठावर उतरल्यावर नात पिशव्या रिकाम्या करत राहिली, मुद्दाम सावकाश. बाप चपला शोधत होता, त्या समोरच होत्या.

"संत्रं आलं की शेड रिकामी लागन मले," तो चपलांना म्हणाला. "तवा बोटीले येगळी टिनाची शेड टाकू. बोरीच्या झाडाजवळ जागा आहे."

नात खाली बसली आणि ओल्या पिशवीवर डोकं टेकवून हसू लागली. मग थोडं रडलीही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिच्या बापाला सांगितलं की शेडला ताटवे लावायचे असतील तर मला विचारू नको.

घरी जाताना मी गाडीत झोपले, जाकीट अंगात तसंच. वाटेत ते दोघं चहासाठी थांबले तेव्हा टपरीवाल्यानं विचारलं म्हणे, आजी कुठं पुरात सापडल्या काय?