मेंढी कोणत्या विषयात बसते?

परवा हिंगोलीत एका चर्चासत्राला गेले आणि डोकं तापवूनच घरी आले... अजून थंड झालेलं नाही.

विषय होता 'आंतरविद्याशाखीय संशोधनाचे नवे प्रवाह'. अध्यक्ष सर तासभर बोलले... गुंतागुंतीचे प्रश्न एका विषयाने सुटत नाहीत, शाखांच्या भिंती पाडा वगैरे.

दुपारी त्याच सरांच्या समितीपुढे माझी विद्यार्थिनी शीतल पीएचडीचा आराखडा घेऊन उभी राहिली. मी प्राणिशास्त्र शिकवते, तिची गाइड आहे. शीतल इथल्याच, हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावकडची, घरी मेंढ्या. अलीकडे त्यांच्या कळपात मेंढ्या दिवस भरायच्या आत गाभडतात. कारण सोयाबीनवरचं तणनाशक, बांधावरचा चारा, चराईच्या बदललेल्या वाटा, की सगळं मिळून... हे तिला शोधायचंय. मेंढ्या सांभाळणाऱ्या बायकांनी काय पाहिलं, तेही नोंदवायचंय.

सरांनी दोन पानं उलटली. "हे प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र की समाजशास्त्र? एक काय ते ठरवा. आणि बायकांच्या गप्पा म्हणजे डेटा नव्हे!"

शीतलचा चेहरा उतरला. आणि मी? मी गप्प बसले...

बाहेर व्हरांड्यात तिची आई पारूबाई थांबल्या होत्या. लेकीनं रडत रडत सगळं सांगितलं. ऐकून घेऊन पारूबाई माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, मेंढी काय एक एक विषय चरती व्हय? पाणी, पाला, औषध... समदं एकाच पोटात जाते. अन् तुमी काहून बोलल्या न्हाई?"

पारूबाईंचा हात धरला आणि तडक आत गेले. "सर, सकाळचं भाषण खरं, की आत्ताचा शेरा? यांचं पाच मिनिटं ऐका, मग ठरवा." आवाज चढला होता माझा. चढू दे.

पारूबाई उभ्यानंच बोलल्या. कुठल्या शिवारात, फवारणीनंतर कितव्या दिवशी, कुठली मेंढी... सगळं तोंडपाठ. समितीतले रसायनशास्त्राचे सर पेन काढून लिहायलाच लागले. मध्येच विचारलं, "मावशी, त्या औषधाचा डबा मिळेल का बघायला?"

आराखडा मंजूर झालेला नाही. 'सुधारून पुन्हा सादर करा' असा शेरा आहे. पण ते रसायनशास्त्राचे सर सहमार्गदर्शक व्हायला तयार झालेत. रविवारी ते सर, शीतल आणि मी कळपावर जाऊन पाण्याचे आणि चाऱ्याचे नमुने घेणार आहोत.

अध्यक्षांचा राग आहेच... त्याहून जास्त स्वतःचा आहे. पारूबाई, मला तोंडावर जाब विचारलात, त्याबद्दल मनापासून आभार.