लोपीस मॅडमची पिवळी थीम

नव्या माणसाची ओळख करून घेताना लोपीस मॅडम त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नसत. त्याच्या स्क्रीनकडे पाहत. गुडगावच्या त्या नव्या, काचेच्या इमारतीत माझा पहिलाच दिवस होता. त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि नावगाव काही न विचारता म्हणाल्या, "एडिटर उघड. थीम बघू."

प्रोग्राम ज्या खिडकीत लिहितात तो एडिटर. त्याची पार्श्वभूमी, अक्षरांचा रंग आणि जाडी हे सारे आपल्या आवडीप्रमाणे बदलता येते. अशा रंगसंगतीला थीम म्हणतात. आमच्या कार्यालयात या बाबतीत जणू चढाओढ होती. शेजारच्या अरोराची अक्षरे काळ्यावर झगझगीत हिरवी, तर पलीकडच्या टेबलावर जांभळ्यावर गुलाबी. आमचे व्यवस्थापक खन्नासाहेब येताजाता म्हणत, "यार, ऑफिस है या ब्यूटी पार्लर?"

पुण्याहून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून मी आले होते आणि माझी थीम मी विचारपूर्वक बनवली होती. पार्श्वभूमी गडद निळी, आज्ञा पांढऱ्या, आकडे केशरी. आणि प्रोग्रामच्या मध्ये मध्ये माणसांसाठी लिहिलेल्या ज्या टिपा असतात, त्या फिकट करड्या. यंत्र टिपा वाचत नाही, म्हणून त्या मागे ढकललेल्या. मी हे तर्कशास्त्र मॅडमना ऐकवले.

"यंत्राला रंग दिसतात का गं?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग रंग कोणासाठी? आपल्यासाठी. आणि जे वाक्य आपल्यासाठी लिहिलंय, तेच तू सगळ्यात पुसट केलंस. अच्छा आहे."

त्यांची स्वतःची स्क्रीन फिक्या पिवळ्या रंगाची होती. आज्ञा बारीक, काळ्या. टिपा मात्र जाड, लालभडक. मी न राहवून म्हटले, "मॅडम, हे हळदीकुंकवाचं तबक दिसतंय."

वसईच्या त्या ख्रिस्ती बाई मोठ्याने हसल्या. "दिसू दे. तबकातलं कुंकू कोणाला शोधावं लागत नाही."

मी थीम बदलली नाही. मला घाई होती ती पुढे जाण्याची. सहा महिन्यांनी नोकरी कायम होणार होती, आणि ती झाली की मानेसरच्या कारखान्याचे काम माझ्या हाती द्यायचे, असे खन्नासाहेबांनी सुचवले होते. तेथे मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढणारे एक यंत्र आमच्या प्रोग्रामवर चाले. दाब बसला की एक यांत्रिक हात आत जाऊन तयार भाग उचली, आणि तो हात मागे येईपर्यंत यंत्र थांबून राही. ही थांबण्याची वेळ कमी केली तर दिवसाचे उत्पादन वाढेल, हे माझ्या लक्षात आले. काम अजून माझ्याकडे आले नव्हते, तरी मी आकडा कमी केला. मॅडमनी माझ्याच टेबलाशी उभे राहून तो बदल तपासला आणि मान्य केला.

दुसऱ्या दिवशी, कडाक्याच्या थंडीत, यंत्राचा दाब मागे येणाऱ्या यांत्रिक हातावर बसला. यंत्राभोवतीची संरक्षक जाळी बंद असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही, पण हात वाकला आणि ती लाइन दोन दिवस बंद राहिली. मी प्रोग्राम पुन्हा उघडला. त्या आकड्याच्या बरोबर वर टीप होती: ही वेळ कमी करू नये, थंडीत हात सावकाश मागे येतो. करड्या रंगात, माझ्या निळ्या पार्श्वभूमीत विरघळलेली.

खन्नासाहेबांनी सर्वांसमोर विचारले, "गलती किसकी है?"

"दोघींची," मॅडम हिंदीत शांतपणे म्हणाल्या. "बदल हिने केला, तपासला मी. तोही हिच्या स्क्रीनवर. ती ओळ मलाही दिसली नाही." मग त्यांनी एक कागद पुढे केला. माझी नोकरी कायम करणे तीन महिने पुढे ढकलावे, आणि तेवढे दिवस दुसऱ्यांचे काम तपासण्याचा अधिकार लोपीस यांनाही नसावा, अशी शिफारस होती. खाली सही त्यांची.

बाहेर येताच मी म्हणाले, "तुम्ही मला वाचवू शकला असता."

"वाचवलंच. ते काढणार होते तुला."

"आणि मानेसर?"

"मानेसर तुला वाचता आलं की मानेसर तुझं."

ते तीन महिने दर गुरुवारी आम्ही कंपनीच्या बसने मानेसरला जात होतो. तिथला संगणक पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या शटरसमोर होता. दुपारी त्यावर असे ऊन येई की माझी सुंदर निळी स्क्रीन निव्वळ आरसा होऊन जाई. मॅडम तेथील इलेक्ट्रिशियन यादवजींना खुर्चीत बसवत. यादवजींना प्रोग्राम लिहिता येत नव्हता, पण बिघाड झाला की सर्वांत आधी तेच पोचत. म्हणून टिपा साध्या हिंदीत, रोमन अक्षरांत लिहिण्याचा मॅडमनी नियम केला. एकेक रंग बदलून त्या विचारत, "यादवजी, सबसे पहले क्या पढ़ा?"

"मॅडम, वो नंबर."

"नहीं चलेगा."

मी वहीत नोंद करी: पार्श्वभूमी कोणती, ऊन किती, प्रथम काय वाचले. हळूहळू मला जाणवू लागले की हा प्रयोग माझ्या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही प्रयोगाइतका काटेकोर आहे. एकदा यादवजी वैतागून म्हणाले, "मॅडम, मेरी आँख का नंबर निकाल रही हैं क्या?" मॅडम म्हणाल्या, "बिल्कुल. चश्मा स्क्रीन को लगेगा." शेवटी जी थीम उरली ती पिवळीच होती, पण मॅडमच्या थीमहून बरीच उजळ, टिपा लाल नव्हेत, तर काळ्या पट्टीवर पांढऱ्या. स्वतःचा लाल रंग उन्हात हरला, हे मॅडमनी जराही कुरकुर न करता स्वीकारले.

तीन महिन्यांनी माझी नोकरी कायम झाली आणि मानेसर मला मिळाले. ज्या खन्नासाहेबांना असले रंग म्हणजे ब्यूटी पार्लर वाटत, त्यांनीच ती थीम साऱ्या कारखान्यांच्या संगणकांवर सक्तीची केली. पुढे मॅडमच्या यजमानांची बदली झाली आणि त्या वसईला परतल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी एवढेच सांगितले, "कारखान्यात जाऊन बसा. इथून सगळंच छान दिसतं."

त्यानंतरच्या हिवाळ्यात मानेसरच्या उत्पादन अधिकाऱ्यांनी मला घाईने बोलावले. मोठी मागणी आली होती, वेग आजच वाढवून हवा होता. "मॅडम, एक सेकंद तो कम कीजिए," ते माझ्या डोक्यावर उभे राहून सांगत होते. मी आकड्यावर आले. बोट बटणावर होते.

"मॅडमजी, ऊपर लिखा है, ठंड में मत घटाना," मागून यादवजी म्हणाले.

मी हात काढून घेतला, अधिकाऱ्यांना ती ओळ दाखवली आणि स्पष्ट नकार दिला. ते रागावून निघून गेले. यंत्र आपल्या वेळेने चालत राहिले.

संध्याकाळी मी वसईला फोन लावला आणि झालेले सर्व सांगितले. मला कौतुकाची अपेक्षा होती, हे कबूल करते.

"यादवजी कुठे उभे होते?" मॅडमनी विचारले.

"दाराशी."

"आणि तू?"

"स्क्रीनसमोर."

पलीकडून मला त्यांचे हसू ऐकू आले.

"म्हणजे थीम अगदी बरोबर जमली," त्या म्हणाल्या. "आता तुझ्याकडे बघायला हवं."