बिनवायरीचं कार्ड

कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदलायचं ठरवलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. कारखान्यात कुणाला सांगावं अशी ती गोष्ट नव्हती. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. हंगामात उसाच्या रसाचे नमुने तपासायचे, हंगाम संपला की उपकरणं पुसून, जुळवून कपाटात लावायची, असं माझं वर्ष जातं. पुरुषोत्तमनगरच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. लग्न झालं नाही. स्थळं बघता बघता बघणारेच थकले आणि पुढं कुणी विषय काढेनासं झालं.

आई माझ्याजवळ राहायची. कॉम्प्युटर तिच्या खाटेसमोरच्या टेबलावर होता. माझ्या धाकट्या बहिणीनं तो जोडून दिला होता. तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि लग्नाआधी तीन वर्षं ती शहाद्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. लग्न ठरून सुरतेला जायची वेळ आली, तेव्हा एकेक भाग गोळा करून तिनं मला हे मशीन उभं करून दिलं. म्हणाली, "भाऊ, संध्याकायले एकटा काय करशी तू?"

मी त्यावर ट्रक चालवायचो. म्हणजे तसा खेळ आहे. परदेशातले लांबच लांब रस्ते असतात, एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचवायचा असतो, मारामारी काही नाही. ड्यूटीवरून आलो की चहा घेऊन बसायचो. आई खाटेवर शेंगा फोडत बघत राहायची. तिला तो ट्रक कधी ट्रक वाटलाच नाही. रस्त्याकडेला माणूस दिसला की म्हणायची, "थांबाड ना, तो हात दाखाडी ऱ्हायना." एखादी बाई दिसली की, "तिले बसाडी ले." मी म्हणायचो, "माय, ती खरी नही शे." ती म्हणायची, "मग तू कसाले चालाडी ऱ्हायना?" मी गिअर टाकून पुढं जायचो.

आई गेली. तेराव्यानंतर भाऊबंद आपापल्या गावी गेले, बहीण सुरतेला गेली. मी पुन्हा ट्रक चालवू लागलो, कारण साडेपाच ते आठ या वेळाचं दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

बहीण आधी दर रविवारी फोन करायची. पण तो फोन माझा नसायचा. मी उचलला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, मायले दे." मी फोन देऊन बाहेर ओट्यावर जायचो. आईनंतरही दोन-तीन रविवार तिनं केला. "जेवण व्हयनं का?" "व्हयनं." "तब्येत?" "बरी." मग ती म्हणायची, ठेवते. आमच्यात भांडण नव्हतं, काही नव्हतं, पण आईवाचून कसं बोलायचं ते आम्ही शिकलोच नव्हतो. हळूहळू फोन सणासुदीवर आला.

मे महिन्यात एका अपडेटनंतर खेळ उघडेना. पडद्यावर एवढंच लिहून आलं, की तुमचं कार्ड आता या खेळाला पुरत नाही. मी तीनदा चालू-बंद करून पाहिलं. त्या संध्याकाळी क्वार्टरमध्ये इतकी शांतता होती की शेजारच्या बाईंनी धुतलेली भांडी मोजता आली असती. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येऊन मी बहिणीला फोन लावला.

"काय व्हयनं?" ती घाबरून म्हणाली. सणाव्यतिरिक्त माझा फोन म्हणजे काहीतरी वाईट, असंच तिला वाटलं असणार.

मी कार्डाचं सांगितलं. तिचा आवाजच बदलला. दुकानात काम करायची त्या वेळचा आवाज. "जुनं शे ते, दोन जीबीनं. जाऊ दे त्याले. नवं टाकू. पहिलं सांग, पॉवर सप्लाय कितला वॅटना शे?"

कॅबिनेट माझ्या गुडघ्याशी होतं. बाजूचे स्क्रू काढले की आत चिकटलेल्या कागदावर आकडा असतो. मी म्हणालो, "बघीसन सांगस." फोन ठेवला, लगेच स्क्रू काढले, आकडा वाचला. साडेचारशे. तिला तो मी चार दिवसांनी सांगितला.

का, हे मला त्या वेळी नीट कळत होतं, आणि लाजही वाटत होती. आकडा सांगितला असता तर तो फोन तिथंच संपला असता.

मग ते सुरू झालं. तिनं विचारलं, कॅबिनेटमध्ये लांबीला जागा किती आहे. मी टेप शोधायला दोन दिवस घेतले. तिनं विचारलं, सप्लायमधून कार्डासाठी वेगळी वायर आली आहे का, आणि तिच्या टोकाला किती छिद्रं आहेत. मी आधी आठ सांगितली, मग दुसऱ्या फोनला म्हणालो, चुकलं, सहा आहेत. ती स्वयंपाक करता करता कार्डांची परीक्षणं ऐकायची आणि मला सांगायची. मागं कुकरची शिट्टी, तेलात काहीतरी पडल्याचा आवाज, आणि ती सांगतेय की लाल खुणेच्या कंपनीचं पाचशे ऐंशी नंबरचं कार्ड ताकदीचं आहे, स्वस्त मिळतं, पण वीज फार खातं, आणि जुन्या मालातली बरीच कार्डं रात्रंदिवस राबवून झिजवलेली असतात. सहासष्टशे नंबरचं सगळ्यात चांगलं, पण त्याला सप्लायही नवा लागेल, आणि मी दहा हजारांची हद्द घालून दिली होती. उरलं सोळाशे पन्नास. लहानसं, आपल्या जुन्या प्रोसेसरला झेपणारं. त्यातलं एक मॉडेल असं की त्याला वेगळी वायर लागतच नाही, बोर्डावरूनच वीज घेतं.

"तेच ले," ती म्हणाली.

"पण चार जीबी पुरी का?"

या शंकेवर आठवडा गेला. मग मी विचारलं, एक पंखा बरा की दोन. त्यावर आणखी एक. खरं तर कुठलं घ्यायचं ते मला जूनमध्येच पटलं होतं. पण प्रयोगशाळेत बसल्या बसल्या मी नवी शंका शोधायचो, आणि कागदावर लिहून खिशात ठेवायचो, म्हणजे फोनवर अडखळायला नको. कधी कार्डावरून विषय सुटायचा. सासूबाईंच्या शुगरबद्दल ती दोन वाक्यं बोलायची. मी सांगायचो, प्रकाशा गावच्या पुलावरून जाताना तापीला पाणी बरंच दिसलं. मग दोघांनाही ओशाळल्यासारखं व्हायचं आणि आम्ही घाईनं पंख्यांवर यायचो.

पोळा झाला आणि एक दिवस ती म्हणाली, "भाऊ, आते बस व्हयनं. बुधवारले सुरतले ये. मी येस तुन्हासंगे. दखीसनच लेवानं."

रजा टाकून मी निघालो. एसटीनं नंदुरबार, तिथून सकाळची गाडी. नवापूरपर्यंत डब्यात मराठी ऐकू येत होतं, पुढं गुजराती वाढत गेली. पिशवीत तिच्यासाठी गावाकडच्या शेंगा होत्या, आणि आईचं एक लुगडं. ते दोन वर्षं माझ्या कपाटात पडून होतं आणि त्याचं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

स्टेशनबाहेर ती उभी होती. स्कूटरवर बांधतात तसा तोंडाला ओढणीचा फडका. तो सोडला तेव्हा मी तिला नीट पाहिलं. चष्मा लागला होता. फोनवर इतकं बोललो, पण चष्म्याचं तिनं कधी सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बारीक व्हई गया तू."

दुकान पहिल्या मजल्यावर होतं, जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला वाट द्यायला आम्हाला परत खाली यावं लागलं. दुकानदारानं तिच्याकडं पाहिलंही नाही. मला म्हणाला, "बोलो भाई, शुं जोईए?" मी तिच्याकडं पाहिलं. तिनं हिंदीत सांगितलं, सोळाशे पन्नास, बिनवायरीचं, वापरलेलं चालेल. त्यानं लाल-निळे दिवे लावलेलं एक भलंमोठं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं आणि हे कसं दिसतं ते मला दाखवू लागला.

"दिवे नको," ती म्हणाली. "मी सांगितलं ते दाखवा."

मग त्यानं दोन काढली. तिनं पहिलं हातात घेतलं, उजेडाकडं तिरकं धरलं. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का पाहिलं, बोटानं पंखा फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला. लावून चालवायला सांगितलं. "दोन मिनिटं?" दुकानदारानं विचारलं. "पंधरा," ती म्हणाली. सहाव्या मिनिटाला पडद्यावर रंगीत ठिपके उडायला लागले. मला ते चित्राचाच भाग वाटले असते. ती शांतपणे म्हणाली, "हे काढा, दुसरं लावा."

दुसरं पंधरा मिनिटं चाललं. तिचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत. इतका वेळ एका जागी ती कशाकडंही बघत असलेली मी किती वर्षांनी पाहत होतो. शेवटी तिनं मान हलवली. तोवर दुकानदार तिला बेन म्हणायला लागला होता. कार्ड पिशवीत भरताना त्यानं विचारलं, "बेन, किस दुकान पे काम करते हो?"

"कहीं नहीं," ती म्हणाली. पैसे मी दिले. जिना उतरताना ती पुढं होती, मला तिचा चेहरा दिसला नाही.

खाली कोपऱ्यावर आम्ही लोचो घेतला, सुरतेचा तो वाफवलेल्या डाळीचा पदार्थ. प्लेट हातात धरून एका बंद शटरच्या पायरीवर बसलो. तिला दोनला घरी पोचायचं होतं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. अर्धी प्लेट संपली. मग ती प्लेटीकडंच बघत म्हणाली, "तो सप्लाय मीच बसाडेल व्हता."

मी चमचा प्लेटीत ठेवला.

"साडेचारशेना. वायरले सहा छिद्रं. माले काय माहीत नव्हतं?"

"मग इचारं कसाले?"

"तू बी चार दिन लावात सांगाले."

कॅबिनेट, सप्लाय, वायर, सगळं तिच्याच हातचं. चार महिन्यांत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझं मीच लपवण्यात मी इतका गुंतलो होतो की ती काय करते आहे तिकडं माझं लक्षच गेलं नाही.

"माय व्हती तवय बरं व्हतं," ती म्हणाली. "तुन्हासंगे बोलाले कारण शोधनं पडे नही."

यावर मला म्हणायचं होतं की कारण नसलं तरी फोन कर, मीही करीन. ते वाक्य अगदी तयार होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं, "लोचो गार व्हई ऱ्हायना, खाई ले." ती हसली, पण थोडंच. निघताना मी शेंगा दिल्या, लुगडं दिलं. लुगडं तिनं उलगडलं नाही, तसंच छातीशी धरून ठेवलं, स्कूटर चालू करायची वेळ येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी कार्ड बसवलं. तिनं आवाजी संदेश पाठवून ठेवला होता, आधी प्लग काढ, लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरव, जुनं कार्ड ओढू नकोस, खालचा खटका दाब. तो संदेश मी चारदा ऐकला, आणि चारही वेळा काही सूचनेसाठी ऐकला असं नाही. मशीन पहिल्याच वेळी सुरू झालं. मी तिला फोटो पाठवला. तिचा अंगठा आला.

खेळ उघडला. तोच रस्ता होता, पण मला ओळखू येईना. जिथं हिरवी पुठ्ठ्याची झाडं उभी असायची तिथं आता पानं हलत होती. पाऊस सुरू झाला तर काचेवर थेंब वेगवेगळे दिसायचे आणि वायपर ते ओढून न्यायचा. आणि रस्त्याकडेच्या माणसांना चेहरे आले होते. एका बसथांब्यावर पिवळा कोट घातलेली म्हातारी बाई उभी होती. मी ट्रक थांबवला. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. खाटेकडं मी वळून पाहिलं नाही, पण आता तिकडून काहीतरी ऐकू येईल म्हणून थांबलो होतो, हे खरं आहे. मग गिअर टाकला आणि पुढं गेलो. चांगलं दिसणाऱ्या खेळात एकटं बसणं वाईट दिसणाऱ्या खेळापेक्षा जड जातं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

तीन आठवडे फोन नाही. तिचाही नाही, माझाही नाही. कार्ड उत्तम चालत होतं, विचारण्यासारखं काही बिघडत नव्हतं. एकदा मनात आलं, खोटंच सांगावं, ठिपके येतात म्हणून. पण आता ते खोटं दोघांनाही माहीत झालेलं असतं.

हंगामाची तयारी सुरू झाली. एका रविवारी दुपारी कपडे वाळत घालून आत आलो आणि उभ्या उभ्याच नंबर लावला. बसलो असतो तर लावला नसता.

"काय व्हयनं? कार्ड बंद पडनं का?"

"नही. चाली ऱ्हायनं."

"मग?"

"काही नही. असाच फोन कया."

मला वाटलं आता ती म्हणेल बरं, ठेवते. ती म्हणाली, "थांब, गॅस बंद करी येस," आणि फोन कुठंतरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

मी कानाला लावून उभा राहिलो. तिच्या घरात टीव्हीवर गुजरातीत कुणीतरी भांडत होतं. नळाचं पाणी पडून बंद झालं. एक बाई खोकली, बहुधा सासू, आणि बहीण तिला काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. खुर्ची सरकली. मी कधी तिच्या घरी दोन तासांपेक्षा जास्त राहिलो नव्हतो, त्यामुळं यातलं काय कुठल्या खोलीतलं ते मला लावता येईना.

मग फोन उचलल्याचा आवाज आला.

"शेस का?" तिनं विचारलं.

"शे," मी म्हणालो, आणि खाटेवर बसलो.